रूपकाची जागा : प्रबोधनकालीन चित्रांतील ख्रिस्ती सद्गुण

‘रूपकात्मक चित्र’ हे शब्द कानावर पडले की साहित्याचा विद्यार्थी मनातल्या मनात पान उलटतो, असा माझा समज आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत चेतनगुणोक्ती त्याला भेटते ती अलंकारांच्या यादीत, एका उदाहरणासकट पाठ करण्याची गोष्ट म्हणून. पुढे महाविद्यालयात गटे आणि कोलरिज यांचा हवाला देऊन त्याला सांगितले जाते की प्रतीक हे जिवंत आणि अक्षय असते, रूपक मात्र यांत्रिक असते. आधी अमूर्त कल्पना, मग तिला चढवलेला वेष. एवढी शिदोरी घेऊन तो इटालियन चित्रांपुढे उभा राहिला, तर तो करणार तरी काय? तराजू दिसला की न्याय, आरसा दिसला की विवेक, लगाम दिसला की संयम, जहाजाचा नांगर दिसला की आशा. कोडे सुटले की चित्र संपले.

या वाचनाला आधार म्हणून चेझारे रिपा याच्या ‘इकोनोलोजिया’कडे बोट दाखवले जाते. अमूर्त कल्पनांना कोणते रूप द्यावे, हातात काय द्यावे, याचा तो कोशच आहे आणि उपयुक्तही आहे. पण हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला 1593 साली, आणि त्याची सचित्र आवृत्ती आली 1603 साली. म्हणजे ज्या चित्रांविषयी आपण बोलणार आहोत ती सर्व रंगवून झाल्यावर. कोश मागाहून येतो आणि आपण तो आधीच्या कवितेला लावतो, असा हा प्रकार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या सद्गुणांचा अर्थ त्यांच्या हातातल्या वस्तूंत जेवढा आहे, त्याहून अधिक तो त्या कोणत्या भिंतीवर, कोणाच्या पैशाने आणि कोणासमोर उभ्या आहेत यात आहे. रूपक वाचायचे तर त्याचा पत्ता आधी विचारावा लागतो.

त्याआधी शब्दांचा थोडा गुंता सोडवू. ख्रिस्ती परंपरेत मुख्य सद्गुण सात. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार ग्रीक-रोमन विचारातून आलेले. श्रद्धा, आशा आणि ‘कारितास’ हे तीन संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातून आलेले. लॅटिनमध्ये ही सातही नामे स्त्रीलिंगी आहेत. पाचव्या शतकाच्या आरंभी प्रुडेन्टियसने ‘सिकोमाकिया’ या काव्यात सद्गुणांना दुर्गुणांशी लढणाऱ्या स्त्रिया केले, तेव्हा त्याला व्याकरणाने अर्धे काम करून दिलेच होते. मराठीत मात्र मौज होते. श्रद्धा, आशा, प्रीती या तिघी स्त्रीलिंगातच राहतात. विवेक, न्याय आणि संयम पुरुष होतात आणि धैर्य नपुंसकलिंगी. म्हणून तराजू धरलेल्या बाईला आपण नुसते ‘न्याय’ म्हणू शकत नाही, आपल्याला ‘न्यायदेवता’ म्हणावे लागते. आणि देवता म्हटले की तिच्याभोवती धूप-उदबत्तीचा वास येतो, जो मुळात तिला नव्हता.

‘कारितास’चे भाषांतर याहून अवघड. लॅटिन शब्दात प्रियता आहे आणि मोलही आहे. जे प्रिय ते मोलाचे. मराठी बायबलने ‘प्रीती’ हा शब्द घेतला, तो मला सर्वांत जवळचा वाटतो. इंग्रजी ‘चॅरिटी’चा अर्थ घसरत घसरत देणगीपर्यंत आला आणि आपल्याकडे तर त्याचे ‘धर्मादाय’ झाले. मराठी वाचकाला चॅरिटी प्रथम आठवते ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयामुळे. देवावरचे प्रेम आणि शेजाऱ्यावरचे प्रेम ही एकच हालचाल आहे, हा जो मूळ शब्दाचा गाभा, तो या प्रवासात हरवतो. आणि चित्रकारांपुढचा प्रश्न नेमका तोच होता : एकच हालचाल दोन दिशांना कशी दाखवायची?

पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने त्याचे उत्तर दिले आहे. (जोत्तो प्रबोधनकाळाच्या उंबरठ्यावरचा, त्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे या वादात मला रस नाही.) चॅपेलचा अभिषेक 25 मार्च 1305 रोजी झाला. वरच्या भिंतींवर मरिया आणि ख्रिस्त यांच्या जीवनातले रंगीत प्रसंग, आणि खाली, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर, दगडी शिल्पांचा भास देणाऱ्या करड्या रंगातल्या चौदा आकृती : एका भिंतीवर सात सद्गुण, समोरच्या भिंतीवर सात दुर्गुण. कारितास एका हातात फळाफुलांचे पात्र धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताने आपले हृदय वर देवाकडे पोचवते आहे. तिच्या पायांखाली पैशांच्या थैल्या आहेत. तिच्या समोर, पलीकडच्या भिंतीवर, मत्सर. तिच्या हातात घट्ट धरलेली थैली, पायांशी ज्वाळा, आणि तोंडातून निघालेला साप मागे वळून तिच्याच डोळ्यांवर चाल करून येतो आहे.

आता पत्ता विचारू. चॅपेल बांधले एन्रिको स्क्रोवेन्यी याने. त्याचा बाप रेजिनाल्दो हा सावकार, आणि दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या सतराव्या सर्गात गळ्यात थैली अडकवून तापल्या वाळूवर बसलेल्या व्याजखोरांमध्ये जो पादुआचा माणूस भेटतो तो हाच, असे परंपरेने मानले जाते, थैलीवरच्या डुकरिणीच्या चिन्हामुळे घराणे ओळखू येते. शेजारच्या मठातल्या संन्याशांनी 1305 च्या जानेवारीत तक्रार नोंदवली की हे चॅपेल ईश्वराच्या गौरवापेक्षा बडेजावासाठी चालले आहे. दारावरच्या भिंतीवर जोत्तोने अंतिम न्यायनिवाडा रंगवला. त्यात एन्रिको गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मरियेला अर्पण करतो आहे. आणि त्याच भिंतीवर, नरकाच्या बाजूला, काही पापी आपल्याच थैल्यांच्या नाड्यांनी फासावर लटकलेले आहेत.

अलीकडच्या काही संशोधकांना बापाच्या पापाचे मुलाने घेतलेले प्रायश्चित्त हा अर्थ फार सोपा वाटतो. एन्रिकोच्या मनात काय होते याचा पुरावा आपल्याला भिंतीतून मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण मनाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पायाखालच्या थैल्या तिथेच राहतात. ज्याच्या थैल्यांतून ही भिंत उभी राहिली, त्याच्याच चॅपेलात प्रीती थैल्यांवर पाय देऊन उभी आहे. एखाद्या खेड्यातल्या देवळात हीच आकृती असती तर ती उपदेश झाली असती. इथे ती आरोप आहे, कबुली आहे, की मोबदला चुकता केल्याची पावती आहे, हे ठरवता येत नाही. आणि हे न ठरणे कोणत्याही सेंद्रिय प्रतीकाच्या संदिग्धतेहून कमी जिवंत आहे, असे मला वाटत नाही.

जागेचे आणखी एक उदाहरण त्याच खोलीत आहे. सद्गुणांच्या रांगेत शेवटची आशा; पंख असलेली, दोन्ही हात पुढे करून मुकुटाकडे झेपावणारी. दुर्गुणांच्या रांगेत शेवटची निराशा. गळफास घेतलेली स्त्री. या दोघी न्यायनिवाड्याच्या भिंतीलगत आहेत. आशा झेपावते ती तारलेल्यांच्या बाजूला, निराशा लटकते ती नरकाच्या कडेला. पुस्तकात ही दोन चित्रे शेजारी छापली की विरोधाची एक नीटस जोडी दिसते. प्रत्यक्षात मात्र बाहेर पडणारा माणूस त्या दोघींच्या मधून दाराकडे चालत जातो.

साहित्याच्या माणसांना या कारितासची ओळख बहुधा प्रूस्तमुळे झालेली असते. 1913 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या पहिल्या भागात स्वान हा गृहस्थ कोंब्रेच्या घरातल्या गरोदर मोलकरणीला ‘जोत्तोची चॅरिटी’ म्हणतो. निवेदकाला लहानपणी या चित्रांची छायाचित्रे मुळीच आवडत नसत. ही प्रीती चेहऱ्यावर प्रीतीचा मागमूस नसलेली, ठोकळ आणि कामकरी बाई, आणि मत्सर म्हणजे वैद्यकाच्या पुस्तकातले घशाच्या रोगाचे चित्र. पुढे त्याच्या ध्यानात येते की या आकृतींची ताकद तिथेच आहे : कल्पना इथे सूचित होत नाही, ती अंगावर भोगली जाते किंवा हातांनी हाताळली जाते. खरी परोपकारी माणसे त्याला पुढे भेटली ती घाईत असलेल्या शल्यविशारदासारखी रुक्ष चेहऱ्याची, असेही तो नोंदवतो. रूपक आणि प्रतीक यांच्या वादात इतके नेमके निरीक्षण समीक्षकांनी फारसे केलेले नाही. ज्या चेहऱ्यावर दया दिसते तो बहुधा दया दाखवण्यात गुंतलेला असतो. जोत्तोच्या बाईला तेवढी सवड नाही.

पैशाच्या खोल्यांत सद्गुण उभे करण्याची रीत पादुआपुरती नव्हती. फ्लोरेन्समध्ये व्यापाऱ्यांचे तंटे सोडवणारे न्यायालय होते, ‘मेर्कान्झिया’. त्याच्या सभागृहासाठी 1469 साली पिएरो देल पोल्लाय्वोलोकडून सात सद्गुणांच्या पाट्या करून घेण्याचे ठरले. पेरुजाच्या सराफांच्या संघाने आपल्या दालनात 1496 ते 1500 च्या सुमारास पेरुजिनोकडून चार लौकिक सद्गुण रंगवून घेतले, त्यांच्याखाली प्राचीन रोम-ग्रीसमधले थोर पुरुष ओळीने उभे. जिथे नाणी पारखली जातात तिथे संयम, जिथे करार मोडल्याच्या फिर्यादी होतात तिथे श्रद्धा. ‘फीदेस’ या लॅटिन शब्दात श्रद्धाही आहे आणि दिलेल्या शब्दाची पतही आहे. आपल्या ‘विश्वासा’तही दोन्ही आहेत. व्यापारी न्यायालयाच्या भिंतीवर ती बाई कोणत्या अर्थाने बसली असेल? वादी-प्रतिवाद्यांनी आपापल्या सोयीने ठरवले असणार.

फ्लोरेन्सच्या सातांपैकी सहा पाट्या पोल्लाय्वोलोच्या. एक धैर्य तेवढी बोत्तिचेल्लीची. तोमाझो सोदेरिनी याच्या शिफारशीने 1470 साली ते काम जेमतेम पंचविशीतल्या या चित्रकाराकडे आले. आज सातही पाट्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहेत. पोल्लाय्वोलोच्या बायका आपापली खूण धरून बसल्या आहेत. त्याच्या कारितासच्या एका हातात ज्योत आहे, दुसऱ्या हातात अंगावर पिणारे मूल. चांगले काम आहे, पण कोश उघडून वाचल्यासारखे. बोत्तिचेल्लीच्या धैर्याने अंगावर चिलखत घातले आहे, गदा मांडीवर आडवी धरली आहे, आणि मान किंचित कलली आहे. ती लढायला उठेल असे वाटत नाही. ती पुष्कळ वेळ बसून आहे असे वाटते. रस्किनला ती थकलेली दिसली होती आणि त्याने त्या थकव्यातच धैर्य पाहिले. मी त्यात एवढीच भर घालीन की ही बाई रणांगणात नाही, न्यायालयात आहे. ज्यांनी कधी कोर्टाच्या तारखा मोजल्या आहेत त्यांना हे धैर्य कोणत्या जातीचे ते समजावून सांगावे लागणार नाही.

जागेचा हा निकष लावला की काही सर्वमान्य कलाकृती माझ्या लेखी थोड्या खाली येतात. व्हॅटिकनमधल्या ‘स्तांझा देल्ला सेन्यातुरा’ या दालनात राफाएलने 1511 साली न्यायशास्त्राच्या भिंतीवर धैर्य, विवेक आणि संयम यांना बसवले. न्याय वर छतावर आहे, कारण प्लेटोच्या विचारात तो इतर तिघांना जोडणारा. तीन दैवी सद्गुण बालदूतांच्या रूपात आहेत. रेषांचा तोल असा की नजर कुठेही अडखळत नाही. पण धैर्याच्या हातात ओकची फांदी आहे, आणि ओक हे देल्ला रोव्हेरे घराण्याचे चिन्ह. दालन त्याच घराण्यातल्या पोप दुसऱ्या ज्युलियसचे, जो स्वतः सैन्य घेऊन लढाईला जात असे. प्रीतीचा बालदूत त्या फांदीवरची फळे तोडतो आहे. इथे यजमानाला प्रश्न विचारणारी एकही आकृती नाही. सद्गुण त्याच्या घरी पाहुणे म्हणून आले आहेत आणि त्याच्याच झाडाची फळे खात आहेत. सौंदर्याला माझी हरकत नाही. स्तुतीसाठी ते इतक्या सहजपणे वाकते, याची मात्र आहे.

न्यायाच्या डोळ्यांवरची पट्टी ही तर रूपकाच्या चंचलतेची सर्वांत बोलकी कथा. जोत्तोच्या न्यायाला पट्टी नाही, राफाएलच्याही नाही. न्यायाने पाहायचे असते, असाच जुना समज. 1494 साली बाझेल येथे छापलेल्या सेबास्टियन ब्रान्टच्या ‘मूर्खांचे जहाज’ या पुस्तकातल्या एका काष्ठचित्रात प्रथम एक विदूषक न्यायाच्या मागे उभा राहून तिचे डोळे बांधताना दिसतो. तो सरळसरळ उपहास होता. काही दशकांत तीच पट्टी निःपक्षपाताचे भूषण झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या नव्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी काढली आणि तिच्या हाती तलवारीऐवजी संविधान दिले, ही बातमी 2024 च्या ऑक्टोबरात आली तेव्हा वसाहतीचा वारसा पुसण्याची भाषा झाली. पट्टी मुळात कोणी बांधली होती हे त्या चर्चेत फारसे आले नाही. खुणेचा अर्थ कोशात गोठलेला असता तर विदूषकाचा हात इतक्या लवकर विसरला गेला नसता.

या दोन अर्थांच्या बरोबर मध्ये थोरल्या पीटर ब्रूगेलचे न्यायचित्र उभे आहे. अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमस कॉक याच्यासाठी ब्रूगेलने 1559-60 मध्ये सात सद्गुणांची रेखाटने केली. त्यांवरून ताम्रपट कोरून छापे विकले गेले. सद्गुण आता कोणा एकाच्या चॅपेलात किंवा सभागृहात राहत नाहीत. ते सुट्या कागदावर घरोघर जातात. म्हणून त्यांच्याभोवतीचा परिसर ब्रूगेलला कागदातच आणावा लागला. त्याची न्यायदेवता डोळे बांधून, तलवार आणि तराजू घेऊन मधोमध उभी आहे, आणि तिच्या भोवती न्याय चालू आहे : एकाला ताणून बांधले आहे, एकाला फटके बसत आहेत, एकाच्या मानेवर तलवार उगारली आहे, आणि दूर क्षितिजापर्यंत फासाचे खांब आणि चाके. खालच्या लॅटिन मजकुरात शिक्षेचे हेतू दिले आहेत : अपराध्याला सुधारणे, इतरांना धडा देणे, दुष्ट दूर करून बाकीच्यांना निर्धास्त करणे. विधान आणि दृश्य यांच्यात चकार शब्दाचाही संघर्ष नाही, आणि तरीही पाहणारा बेचैन होतो. ब्रूगेल उपहास करतो आहे की त्या काळाला हे सारे रास्त वाटत होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला उपहासाचा पक्ष अधिक पटतो, पण त्याचे कारण चित्रात आहे तितकेच माझ्या काळातही आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याच मालिकेतली कारितास मात्र या सर्वांत मला अधिक जवळची वाटते. डोक्यावर स्वतःची छाती चोचीने फोडणारा पेलिकन आणि हातात जळते हृदय, या दोन खुणा काढून टाकल्या तर ती भोवतालच्या गर्दीतली एक नगरस्त्री आहे. भाकरी वाटणे, कपडे देणे, कैद्यांना भेटणे, मेलेल्यांना पुरणे, ही कामे भोवती माणसे करत आहेत. रांगेत ढकलाढकलीही आहे. खालचा मजकूर सांगतो तो असा : दुसऱ्यावर आले ते आपल्यावर यावे अशी अपेक्षा ठेव, कारण संकटात हाक मारणाऱ्याची भावना आपलीशी केल्याशिवाय मदतीची ऊर्मी होत नाही. देणगीचा शब्द त्यात कुठेही नाही.

शेवटी पुन्हा राफाएलकडे येतो, पण व्हॅटिकनच्या दालनातल्या नव्हे. पेरुजाच्या बाल्योनी घराण्यात 1500 साली रक्तपात झाला. ग्रिफोनेत्तो नावाच्या तरुणाने आपल्याच भाऊबंदांच्या हत्येत भाग घेतला, आणि सूड म्हणून तोही मारला गेला. त्याची आई अतालान्ता हिने काही वर्षांनी सान फ्रान्चेस्को अल प्रातो या चर्चमधल्या वेदीसाठी राफाएलकडून चित्र करून घेतले. 1507 साली ते पुरे झाले : ख्रिस्ताचे शव उचलून नेणारी माणसे, आणि एका बाजूला शुद्ध हरपून कोसळणारी आई. त्याच्या तळपट्टीत राफाएलने श्रद्धा, कारितास आणि आशा अशा तीन आकृती करड्या रंगात रंगवल्या, वीतभरही उंच नसलेल्या. मध्यभागी कारितास. तिच्या अंगावर मुलांची झुंबड आहे आणि ती त्यांच्यावर वाकली आहे. बाजूला एक बालदूत नाणी ओततो आहे, दुसऱ्याने पेटलेले पात्र उचलले आहे.

अंगाखांद्यावर मुले घेतलेली आई ही कारितासची रुळलेली खूण. आंद्रेआ देल सार्तोनेही 1518 साली फ्रान्सच्या राजासाठी तीच वापरली आणि सुंदर वापरली. पण इथे ही आई एका मेलेल्या मुलाच्या चित्राखाली आहे, आणि ते चित्र करून घेणाऱ्या बाईचा मुलगा निरपराध नव्हता. तो खुनी होता. वरच्या चौकटीतल्या मरियेशी अतालान्ताने आपले दुःख जोडले असेल, तर ती जोडणी पूर्ण बसत नाही हे तिला ठाऊक असणारच. मरियेचा मुलगा निष्पाप. खालची कारितास मात्र अंगावरच्या मुलांत निवड करत नाही. अपराधी मुलाच्या आईला त्या वेदीपुढे उभे राहायला जागा उरते ती मला या वीतभर करड्या आकृतीपाशी दिसते. आणि ती आकृती कोशातल्या ‘प्रीती’ या नोंदीशी बरीचशी जुळते.

1608 साली मुख्य चित्र रातोरात चर्चमधून काढून कार्डिनल शिपिओने बोर्गेझे याच्या संग्रहासाठी रोमला नेण्यात आले. तळपट्टी पेरुजातच राहिली, पुढे 1797 साली फ्रेंचांनी ती नेली, आणि परत आली ती व्हॅटिकनमध्ये. आज शव बोर्गेझे संग्रहालयात आहे आणि कारितास व्हॅटिकनच्या चित्रदालनात. दोन्ही एकाच शहरात, काही किलोमीटरांवर, पण दोन वेगळ्या राज्यांच्या हद्दीत आणि दोन वेगळ्या तिकिटांवर. पाठ्यपुस्तकांत तर ती बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांतच छापलेली असतात.